कोल्हापुरात नव्याने येणाऱ्यांसाठी काम, घर आणि कागदपत्रे

कोल्हापुरात पोटापाण्यासाठी येणाऱ्या माणसाने घर शोधायला लागण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवले पाहिजे, ते म्हणजे आपले काम पंचगंगेच्या कोणत्या तीरावर असणार आहे. शिरोलीची औद्योगिक वसाहत नदीच्या उत्तरेला आहे. मूळ शहर, उद्यमनगर, गोकुळ शिरगाव आणि कागल दक्षिणेला आहेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पुणे–बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. अशा वेळी एका तीरावर राहून दुसऱ्या तीरावर काम करणाऱ्याला कामावर जाता येत नाही, आणि रोजंदारीवरच्या माणसाची हजेरी थांबली की त्याची चूल अडचणीत येते. म्हणून क्रम असा ठेवावा की आधी काम पक्के करावे, मग त्या कामाच्या वाटेवर खोली बघावी, आणि तोपर्यंतचे दिवस तात्पुरत्या सोयीवर काढावेत. बहुतेक जण नेमके उलटे करतात. ओळखीच्या माणसाने दाखवलेली पहिली खोली अनामत भरून घेतात आणि मग मिळालेल्या कामावर जायला रोज दोन वाहने बदलतात.

तात्पुरत्या सोयीसाठी रेल्वे स्थानक, मध्यवर्ती बसस्थानक आणि अंबाबाई मंदिराचा परिसर यांत लॉज व यात्री निवास आहेत, परंतु नवरात्रात आणि सलग सुट्ट्यांत भाविकांची गर्दी असल्याने तेथे जागा आणि दर दोन्ही हाताबाहेर जातात. गावाकडचा कोणी आधीपासून खोली करून राहत असेल तर त्याच्याकडे उतरणे सर्वांत सोयीचे, मात्र भाड्याचा आणि जेवणाचा आपला वाटा पहिल्या दिवसापासून द्यावा. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी कॉट बेसिसची सोय असते, म्हणजे एका खोलीत तीन-चार जणांमध्ये एक खाट आणि जवळच्या खानावळीत जेवणाचा महिना. शिक्षणासाठी येणाऱ्या मुलांनी दसरा चौक परिसरातील जुन्या बोर्डिंगांची चौकशी अवश्य करावी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली, आणि त्यांतील काही संस्था आजही बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना आसरा देतात. हे शहर बाहेरून येणाऱ्याला जागा करून देत वाढले आहे, याची ही सर्वांत बोलकी खूण आहे.

गाव सोडतानाच एक फाइल तयार करावी. आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचे पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआय किंवा अन्य प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, आधीच्या कामाचा दाखला, शिधापत्रिका आणि पासपोर्ट आकाराचे फोटो त्यात असावेत. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक असल्यास तो एका कागदावर लिहून ठेवावा. प्रत्येक कागदाच्या झेरॉक्स जवळ बाळगाव्यात आणि मूळ प्रत कोणत्याही कारणाने ठेकेदाराच्या किंवा मालकाच्या ताब्यात देऊ नये. ‘पडताळणीसाठी दोन दिवस ठेवतो’ असे सांगून ठेवून घेतलेले मूळ दाखले काम सोडताना परत मिळवणे फार कठीण जाते. मोबाइल क्रमांकाबाबतही तितकेच जपावे. दुसऱ्या राज्यातून आलेली मंडळी येथे नवे सिम घेतात आणि जुने बंद पडू देतात. आधारशी आणि बँकेशी जुनाच क्रमांक जोडलेला असल्याने पुढे प्रत्येक कामात ओटीपी अडकतो. नवा क्रमांक आधार केंद्रावर आणि बँकेत जोडून होईपर्यंत जुना चालू ठेवावा.

कामाचा शोध कोठे घ्यावा

कोल्हापूरचा मोठा रोजगार ओतकाम आणि यंत्रकाम यांत आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत या तीन ठिकाणी फाउंड्री म्हणजे ओतशाळा आणि मशीन शॉप मोठ्या संख्येने आहेत, तर शहरातील शिवाजी उद्यमनगरात लहान वर्कशॉप दाटीवाटीने वसलेली आहेत. येथे नोकरीच्या जाहिरातीपेक्षा गेटवरचा फलक जास्त उपयोगी पडतो. ‘पाहिजेत: मोल्डर, कोअर मेकर, फेटलर, सीएनसी ऑपरेटर, हेल्पर’ असा खडूने किंवा रंगाने लिहिलेला फलक दिसला की फाइल घेऊन आत चौकशी करावी. सकाळची पाळी सुरू होण्याच्या आधीची वेळ त्यासाठी चांगली, कारण सुपरवायझर तेव्हा गेटजवळच भेटतो आणि त्या दिवशी कोण गैरहजर आहे हे त्याला ठाऊक असते. हाती कसब नसलेल्याने हेल्पर म्हणून लागून सहा महिन्यांत एखादे यंत्र शिकण्याचे ध्येय ठेवावे. हेल्पर मिळणे सोपे आणि काढून टाकणेही सोपे, परंतु ड्रॉइंग वाचता येणाऱ्या, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हाताळणाऱ्या ऑपरेटरला हे शहर सहसा रिकामा बसू देत नाही. आयटीआय झालेल्यांनी कळंबा रस्त्यावरील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकाऊ उमेदवारीची चौकशी करावी आणि राज्य शासनाच्या महास्वयं संकेतस्थळावर नाव नोंदवावे.

फाउंड्रीत काम घेणाऱ्याने एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. साच्याच्या वाळूत सिलिका असते आणि फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणे), शेक-आउट (साचा फोडून भाग बाहेर काढणे), शॉट ब्लास्टिंग (छर्ऱ्यांच्या माऱ्याने सफाई) या विभागांत तिची बारीक धूळ हवेत राहते. वर्षानुवर्षे ती छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्याने फुप्फुसाची झालेली हानी भरून येत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. त्यासाठी योग्य दर्जाचा मास्क लागतो आणि तो देणे मालकाचे काम आहे. भट्टीवर असाल तर सुरक्षा बूट, हातमोजे, ॲप्रन आणि डोळ्यांचा चष्मा यांवाचून उभे राहू नये. पहिल्या दिवशी मास्क मागणाऱ्याकडे जुने कामगार कधी हसून बघतात, तरीही मागावा. दोनशे रुपये जास्त देणाऱ्या कारखान्यापेक्षा धूळ ओढून घेणारी यंत्रणा चालू ठेवणारा कारखाना निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फाउंड्रीखेरीज जिल्ह्यात वाटा पुष्कळ आहेत. इचलकरंजीत यंत्रमागावर काम मिळते. तेथे मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या मीटरवर आणि पिकावर, म्हणजे कापडातील आडव्या धाग्यांच्या संख्येवर, ठरते, त्यामुळे ‘महिन्याला किती’ असे विचारण्याऐवजी ‘दर काय, माग किती सांभाळायचे आणि सूत तुटल्यामुळे माग थांबला तर हिशेब कसा’ असे विचारावे. हुपरीत चांदीच्या दागिन्यांची घरोघर कारागिरी चालते, पण तेथे ओळखीशिवाय शिरकाव अवघड, कारण मोलाचा माल हाताळायचा असतो. गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ, लक्ष्मीपुरीतील धान्यपेठ आणि मार्केट यार्ड येथे दुकानातील नोकर, हिशेबनीस, पॅकिंग करणारे आणि हमाल लागतात. हमाली करायची असेल तर १९६९ च्या माथाडी कायद्याखालील मंडळाकडे नोंद होते का, हे आधी पाहावे, कारण नोंदीत कामगाराची मजुरी मंडळामार्फत जमा होते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असून सहा जिल्ह्यांचे खटले येथे चालतात. त्यामुळे वकिलांच्या कार्यालयांत मराठी आणि इंग्रजी टंकलेखन उत्तम येणाऱ्यांनी चौकशी करणे शहाणपणाचे ठरेल.

हंगामी कामांचा विचार वेगळा करावा लागतो. साखर कारखाने आणि गुऱ्हाळे साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतात आणि उन्हाळा लागताना थंडावतात. कसबी गुळव्याला, म्हणजे गूळ तयार करणाऱ्या कारागिराला, मान आणि मजुरी दोन्ही मिळतात, पण चुलवाणावर, म्हणजे रस उकळण्याच्या भट्टीवर, काम करणाऱ्या नवख्याला धग, जागरण आणि लांबलचक दिवस सोसावा लागतो. या कामांत उचल देण्याची पद्धत आहे. उचल म्हणजे कर्जच. ती किती घेतली, मजुरीतून किती वळती झाली आणि किती उरली हे प्रत्येक आठवड्याला वहीत लिहून मुकादमाची सही घ्यावी, आणि शक्य असेल तर उचल घेऊच नये. अंगावर पैसे असलेल्या माणसाला वाईट वागणूक मिळाली तरी उठून जाता येत नाही.

काम ठरवताना काय विचारावे

कारखान्याच्या गेटवर ‘या उद्यापासून’ म्हटले की माणूस आनंदाने होकार देतो आणि विचारायचे राहून जाते. तरीही कामावर उभे राहण्यापूर्वी एवढे विचारलेच पाहिजे की आपण कंपनीच्या हजेरीपटावर आहोत की ठेकेदाराच्या. आठ तासांचा पगार किती आणि जादा तासांचा दर काय. कपात होऊन हातात किती पडेल. पगार कोणत्या तारखेला आणि बँकेत होतो की रोख. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते. बारा तासांच्या पाळीचा पगार सांगून तो आठ तासांचा असल्याचे भासवणे ही नेहमीची चलाखी आहे, म्हणून तासाचा दर स्वतः काढून बघावा. कायद्याने आठवड्याला ४८ तासांपलीकडच्या कामाला दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते मागायला संकोच करू नये, आणि मिळेपर्यंत हजेरी कार्डाचा रोज एक फोटो काढून ठेवावा.

वीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो, तर दहा किंवा अधिक कामगार असतील तर कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय). विम्यासाठी महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून अवघा पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो; त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात, आणि कामावर अपघात झाला तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. ‘कपात नको, सगळे रोख देतो’ हा प्रस्ताव नव्या माणसाला गोड वाटतो. बोट यंत्रात सापडले की त्याची खरी किंमत कळते. निधीची कपात होत असेल तर उमंग ॲपवर आपले पासबुक दर महिन्याला पाहावे, म्हणजे पगारातून कापलेली रक्कम प्रत्यक्ष भरली जाते की नाही हे समजते.

बांधकामावर जाणाऱ्यांनी वर्षात ९० दिवस काम झाल्याचे प्रमाणपत्र घेऊन महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद करावी. असंघटित क्षेत्रातील इतरांनी ई-श्रम कार्ड काढावे. स्त्रियांनी कामाच्या ठिकाणी दहा किंवा अधिक लोक असल्यास अंतर्गत तक्रार समिती आहे का, आणि रात्रपाळी असल्यास घरापर्यंत वाहन मिळते का, हे काम ठरवतानाच विचारावे.

नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा माणूस नोकरी देत नाही, एवढे पक्के धरावे. नोंदणी फी, गणवेशाची फी, प्रशिक्षणाची फी अशी नावे बदलतात. चकचकीत कार्यालयात बोलावून, तासभर भाषण ऐकवून, वस्तू विकत घ्यायला आणि आणखी माणसे जोडायला सांगणाऱ्या ठिकाणाहून चहाही न घेता उठावे.

घर

काम शिरोलीत असेल तर शिरोली, नागाव, हालोंडी या बाजूला. गोकुळ शिरगावला असेल तर उजळाईवाडी, कणेरीवाडी, उचगाव या भागांत. पंचतारांकित वसाहतीत असेल तर कागल, हुपरी, पट्टणकोडोली, कसबा सांगाव या गावांत खोली बघावी. उद्यमनगरात किंवा पेठांत काम असणाऱ्यांना मंगळवार पेठ, जवाहरनगर, यादवनगर हे भाग जवळ पडतात. विद्यापीठ, रुग्णालये आणि शिकवण्या यांच्याशी संबंध असणाऱ्यांना राजारामपुरी आणि सागरमाळचा परिसर सोयीचा, पण तेथे भाडे जास्त. फुलेवाडी, साने गुरुजी वसाहत, कळंबा, पाचगाव येथे तुलनेने मोकळी जागा मिळते. पाण्याची चौकशी मात्र अधिक बारकाईने करावी लागते. शहराच्या हद्दवाढीचा वाद अनेक वर्षे चालू असल्याने शहराला चिकटून असलेली कित्येक उपनगरे ग्रामपंचायतींच्या कारभारात राहिली, आणि रस्त्याच्या अलीकडे एक पाणीयोजना तर पलीकडे दुसरी, असे चित्र तयार झाले.

खोली शोधण्याचा उत्तम मार्ग म्हणजे पायी फिरणे. ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी, किराणा दुकानदार, पिठाच्या गिरणीतला माणूस आणि खानावळवाल्या मावशी यांच्याकडून जे कळते ते मोबाइलवरच्या जाहिरातीतून कळत नाही, आणि त्यात दलालीही लागत नाही. जाहिरातीतून संपर्क साधलाच तर प्रत्यक्ष खोली बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. ‘मी सैन्यात आहे, बदली झाली, किल्ली शेजाऱ्याकडे आहे, आधी अनामत टाका’ असे सांगून क्यूआर कोड पाठवणारे भामटे सगळीकडे आहेत.

पेठेत खोली घेताना घरमालक किंवा घरमालकीण बरेच प्रश्न विचारतात: गाव कोणते, इथे पै-पाहुणे कोण, कामाला कुठे, घरी कोण कोण असते. या चौकशीचा राग मानू नये. ज्या घरात आपणही राहतो तेथे भाडेकरू ठेवणारा माणूस विश्वास शोधत असतो, आणि कंपनीचे ओळखपत्र किंवा सुपरवायझरचा फोन नंबर दिला की काम बऱ्याचदा तिथेच होते. मात्र जात, धर्म किंवा भाषा कारण सांगून नकार मिळाला, तर त्या दारात वाद घालण्यात दिवस घालवू नये. शहर मोठे आहे आणि कामाच्या ठिकाणच्या सहकाऱ्याने सोबत येऊन शब्द टाकला की पुढचे दार उघडते.

खोली दिवसाउजेडी बघावी, आणि बघताना प्रथम भिंतीकडे बघावे. गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवर आडवी फिकट रेघ, त्याखाली पापुद्रे सुटलेला गिलावा, किंवा फक्त खालच्या अर्ध्या भागाला दिलेला ताजा रंग दिसला तर तेथे पुराचे पाणी आले होते असे समजून शेजाऱ्यांना विचारावे. दाराच्या चौकटीचे लाकूड तळाशी फुगलेले असते, आणि विजेचा बोर्ड नेहमीपेक्षा उंच बसवलेला असेल तर तोही इशाराच. शाहूपुरीतील कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, जयंती नाल्याचा काठ आणि नदीकाठची चिखली, आंबेवाडी ही गावे पुराच्या बातम्यांत वारंवार येतात. अशा भागात स्वस्तात खोली मिळाली तर वरच्या मजल्यावरची घ्यावी, कागदपत्रांची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी रोज बघावी. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. इशारा पातळी ओलांडली की सामान उचलायला लागावे, कारण पाणी दारात आल्यावर गाडी मिळत नाही.

मग पाणी किती वाजता येते, रोज की एक दिवसाआड, किती वेळ, टाकी स्वतंत्र की सामाईक, हे घरमालकाऐवजी शेजारणीला विचारावे. विजेचे मीटर स्वतंत्र आहे की पोटमीटर, आणि पोटमीटर असल्यास युनिटचा दर काय, हे ठरवून घ्यावे. शौचालय किती कुटुंबांत मिळून आहे आणि रात्रपाळीवरून आल्यावर फाटक उघडे असते का, हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण रोजचे सुख त्यांच्यावरच अवलंबून असते.

भाडेकरार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोटरीच्या शिक्क्याचा कागद म्हणजे नोंदणी नव्हे. रजा व परवाना (लीव्ह अँड लायसन्स) पद्धतीचा अकरा महिन्यांचा करार सर्वत्र रूढ आहे. त्याला एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते, नोंदणी शुल्क महापालिका क्षेत्रात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये असते, आणि नोंदणी आधारवरील बोटांच्या ठशांनी ऑनलाइन होते. हा खर्च वाचवण्यासाठी घरमालक नाखूश असेल तर अर्धा खर्च आपण उचलायची तयारी दाखवावी. हाच कागद पुढे आधारवरचा पत्ता बदलायला, बँकेला आणि गॅस जोडणीला उपयोगी पडतो, त्यामुळे दिलेले पैसे वाया जात नाहीत.

करारात भाडे, अनामत, अनामत परत करण्याची मुदत, दोन्ही बाजूंनी द्यायची पूर्वसूचना, पाणी-विजेचा हिशेब आणि रंगकामाचा खर्च कोणाचा, हे स्पष्ट लिहून घ्यावे. अनामत आणि भाडे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावे. रोख दिले तर त्याच क्षणी पावती घ्यावी. राहायला जाण्याच्या दिवशी खोलीचा, नळांचा, खिडक्यांचा आणि मीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढून घरमालकाला पाठवून ठेवावा. रजा व परवान्याची मुदत संपल्यावरही जागा न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई मागता येते, म्हणून नूतनीकरणाचे बोलणे दहाव्या महिन्यातच करावे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवली गेली आहे याचीही खात्री करून तिची प्रत जवळ ठेवावी.

कुटुंब आणणार असाल तर

गॅस जोडणी मिळेपर्यंत पाच किलोचा लहान सिलिंडर केवळ ओळखपत्रावर विकत मिळतो; त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. शिधापत्रिका आधारशी जोडलेली आणि ई-केवायसी पूर्ण असेल तर ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेतून गावाकडचे धान्य येथील कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून घेता येते. गावी काही माणसे राहणार असतील तर त्यांचा वाटा त्यांना तेथे उचलता येतो, कार्ड फोडावे लागत नाही.

मुलांच्या शाळेसाठी दाखला हातात येण्याची वाट पाहत थांबू नये. शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळालाच पाहिजे, आणि जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या जवळच्या शाळेत वर्षाच्या मध्येही मूल घेऊन जावे. कन्नड, हिंदी किंवा उडिया बोलणाऱ्या मुलाला मराठी वर्गात पहिले काही आठवडे जड जातात. वर्गशिक्षकांना घरची भाषा आधीच सांगून ठेवावी आणि शेजारच्या मुलांबरोबर गल्लीत खेळायला सोडावे. घरातील कोणाला नियमित औषध लागत असेल तर राज्य विम्याचे कार्ड हाती येईपर्यंत सीपीआर या सरकारी रुग्णालयात केस पेपर काढावा, आणि गावाकडच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी सोबत न्यावी.